केळीच्या घरातला पेरू : ऑटिझम असलेल्या मुलाच्या निवडक खाण्याचा एक प्रकरण अभ्यास

तो आमच्याकडे खाण्यासाठी आलाच नव्हता. जुलैतल्या एका सोमवारी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातून आई, वडील आणि आजोबा त्याला खांद्यावर टाकून एसटीने जळगावला आले, ते "चालत नाही, व्यायाम सांगा" म्हणून. साडेसहा वर्षांचा मुलगा. ऑटिझमचं निदान दीड वर्षापूर्वी झालेलं. महिन्याभरापूर्वीपर्यंत घरभर पळत होता आणि आता पाय पोटाशी घेऊन बसायचा, उभं केलं की किंचाळायचा. गावात दृष्ट काढून झाली होती. एकाने तेल लावून पाय चोळून दिले, तेव्हा तो इतका ओरडला की शेजारी धावत आले. एका दवाखान्यात "अशा मुलांचं असंच असतं, हट्टीपणा आहे" असं ऐकून ते परत फिरले होते.

मी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करते, पालक 'ओटी मॅडम' म्हणतात. पायाला हात लावला तसा त्याने तोंड उघडून जोरात आवाज काढला आणि त्या क्षणी मला त्याच्या हिरड्या दिसल्या. जांभळट, फुगलेल्या, दोन दातांच्या मधून वर आलेल्या. पोटऱ्यांवर केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके. मी पायाचं काही केलं नाही. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे आधी रक्ताच्या कर्करोगाची शंका काढून टाकावी लागली, कारण पाय दुखणं, हिरड्यांतून रक्त येणं आणि पांढरं पडलेलं मूल म्हटलं की ते पहिलं तपासावं लागतं. रक्त तपासायला गेलं, गुडघ्यांचे एक्स-रे झाले. मग डॉक्टरांनी विचारलं, "हा खातो काय?" आई म्हणाली, "तसं सगळं खातो." आजोबा म्हणाले, "कसानं सगळं, काहीच खास नही तो" (कसलं सगळं, काहीच खात नाही तो). दोन्ही उत्तरं खरी नव्हती. सोन्या (घरात त्याला हेच म्हणतात, इथेही तेच; ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत) मोजून सहा पदार्थ खात होता आणि निदान स्कर्व्हीचं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचं निघालं.

१७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने खलाशांना संत्री-लिंबं देऊन ज्या आजाराचा उतारा दाखवला, तो हा आजार. खलाशी महिनोन् महिने कडक बिस्किटांवर जगायचे. आमचा पोऱ्याही बिस्किटांवरच होता. माणसाचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवत नाही, आणि ते खाण्यातून अजिबात मिळालं नाही तर एक ते तीन महिन्यांत साठा संपतो. फार कमी पदार्थ खाणाऱ्या ऑटिझमच्या मुलांमध्ये स्कर्व्हीची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा छापून येतात, आणि बहुतेकांची सुरुवात अशीच असते: लंगडणं, मग चालणंच बंद, मग भलत्याच तपासण्या. म्हणून पालकांना सांगते, मूल पाच-सात पदार्थांवर असेल आणि चालायला कुरकुर करायला लागलं, तर डॉक्टरांना आधी त्याच्या ताटाबद्दल सांगा.

पहिले काही दिवस औषध शिरेतून गेलं. पाचव्या रात्री तो पाय सरळ करून झोपला. बाराव्या दिवशी भिंत धरून ओट्यापर्यंत गेला आणि तिथे बसून त्याने बिस्किटाचा पुडा मागितला.

सहा पदार्थ

आईला मी शंभर पानी वही दिली. कधी, काय, किती, कुठे बसून, कोणी दिलं, एवढंच लिहायचं. "चांगलं खाल्लं", "त्रास दिला" असलं काही लिहायचं नाही. ही वही पुढे वर्षभर चालली. त्यातली पहिल्या तीन दिवसांची यादी अशी निघाली: एकाच कंपनीची ग्लुकोज बिस्किटं, रोज तीन पुडे. साखर घातलेलं म्हशीचं दूध, निळ्या झाकणाच्या बाटलीतून, दिवसाला जवळजवळ एक लिटर. कोरडे पांढरे मुरमुरे. गावातल्या एका ठरावीक दुकानातली बारीक पिवळी शेव. केळीचे खारे वेफर्स. आणि मोकळा पांढरा भात, पण त्यावर काही नको, शेजारीही काही नको.

यादीपेक्षा तो कसं खातो हे जास्त सांगून गेलं. बिस्किट हातात घेतलं की तो ते दोनदा फिरवायचा, कडा बघायचा. कोपरा तुटलेला असेल तर बाजूला ठेवायचा, फेकायचा नाही, नुसतं नजरेआड करायचा. अखंड असेल तर आधी चारही कोपरे खायचे, मग मधलं. शेवेत एखादी काडी जास्त तळलेली, तांबूस दिसली की पूर्ण वाटी बाद.

सहाही पदार्थ फिके किंवा पिवळे होते. दूध आणि भात सोडले तर सगळे कोरडे आणि कुरकुरीत. आणि सगळेच रोज तसेच्या तसे. हा शेवटचा मुद्दा मोठ्या वयाची ऑटिझम असलेली माणसं स्वतः फार नेमकेपणाने सांगतात: बिस्किटाचा दहावा घास पहिल्यासारखाच लागतो. फळाचं तसं नसतं. एक केळं कच्चट, दुसरं गोड, तिसऱ्यावर डाग, चौथं आतून लिबलिबीत. ज्याच्या तोंडाला, नाकाला, बोटांना प्रत्येक फरक आपल्यापेक्षा कितीतरी मोठा जाणवतो, त्याच्यासाठी चार केळी म्हणजे चार वेगळे पदार्थ.

केळ्याचं उदाहरण उगाच दिलं नाही. सोन्याच्या घरी चार एकर केळी आहे. वडिलांनी पहिल्या दिवशी सगळ्यात खालच्या आवाजात सांगितलेली गोष्ट ही होती की मुलगा केळं बघून ओकारी काढतो. ओसरीवर घड उतरवला तरी घरामागे पळतो. "मॅडम, केळीच्या घरात जन्मला आणि..." एवढंच म्हणून ते थांबले. आजोबांच्या मते हा सुनेच्या लाडाचा परिणाम होता. मी आबांना सांगितलं की १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने ऑटिझमच्या अकरा मुलांचं पहिलं वर्णन लिहिलं, तेव्हाच त्यातल्या बऱ्याच मुलांच्या खाण्याच्या तक्रारी नोंदल्या होत्या. तिकडची ती पोरं तुमच्या सुनेने वाढवली नव्हती. आबा हसले नाहीत, पण पुढच्या वेळी लाडाचा विषय निघाला नाही. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ऑटिझमच्या मुलांमध्ये खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या पाचपट आढळल्या आहेत. त्याच वर्षी आलेल्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत अशा टोकाच्या निवडक खाण्याला स्वतंत्र नाव मिळालं: अव्हॉयडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर, आम्ही थोडक्यात आरफिड म्हणतो. इथे वजन वाढण्याची भीती नसते, आरशाचा संबंध नसतो. चव, वास, स्पर्श नको असणं, किंवा एकदा ठसका-उलटी झाल्याची धास्ती, किंवा भुकेची जाणीवच कमी असणं, यांपैकी काहीतरी असतं.

सोन्यामध्ये पहिलं होतं, आणि थोडं तिसरंही.

उपाशी ठेवून झालं होतं

"भूक लागनी का आपेआप खाई." हे वाक्य खान्देशात मी इतक्यांदा ऐकलं आहे की कोणी तोंड उघडलं तरी कळतं. साध्या चोखंदळ मुलाला ते लागूही पडतं. दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाला नाक मुरडणं हा वाढीचाच भाग आहे. सोन्याच्या घरी हा प्रयोग वर्षापूर्वी झाला होता. दूध-बिस्किटं कपाटात, समोर वरण-पोळी. तो पहिल्या दिवशी रडला, दुसऱ्या दिवशी रडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सलाइन लावावं लागलं. त्यानंतर तो पोळीचा वासही सहन करेनासा झाला, म्हणजे सातवा पदार्थ गेला.

दुसरा प्रयोग आईचा, प्रेमापोटी केलेला: दुधात डाळीचं पाणी. एका घोटात ओळखलं. आठ दिवस दूध बंद, आणि तेव्हापासून बाटलीचं झाकण काढून वास घेतल्याशिवाय तो पीत नाही. लपवून घालण्याविरुद्ध माझा आक्षेप नैतिक नाही, व्यवहारी आहे. सहा पदार्थ असलेल्या मुलाचा एक पदार्थ संशयाला बळी गेला तर ताटाचा सहावा हिस्सा जातो.

तिसरा सल्ला व्हॉट्सअपवरून आला होता: गहू आणि दूध बंद करा, ऑटिझम बरा होतो. या आहाराने ऑटिझमची लक्षणं कमी होतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आणि सोन्याचं गहू-दूध काढलं असतं तर उरले असते मुरमुरे, शेव, वेफर्स आणि भात. सुदैवाने हे त्यांनी करून पाहिलं नव्हतं.

आधी पोट, मग ताट

हिमोग्लोबिन ७.६ होतं. कारण समोर होतं, निळ्या झाकणाचं. दुधात लोह नगण्य, त्यातला कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही आणि लिटरभर दुधाने पोट भरल्यावर भूक लागणार कशी? शिवाय शौचाला चार-पाच दिवसांनी जायचा, रडत. तुंबलेल्या पोटाने कोणाला जेवावंसं वाटतं? बद्धकोष्ठाचं औषध डॉक्टरांनी सुरू केलं. दातांत दोन किडी होत्या, त्याही बघून घेतल्या. हे सगळं होईपर्यंत मी नवीन पदार्थाचं नाव काढलं नाही. पालकांना हा महिना वाया गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते या कामातला तो सगळ्यात कमाईचा महिना असतो.

दूध एकदम तोडलं नाही. दर चार दिवसांनी प्रत्येक बाटलीतून दोन चमचे कमी. बाटली तीच, झाकण तेच, साखर तेवढीच. अडीच महिन्यांत लिटरचं अर्ध्या लिटरच्याही खाली आलं आणि त्याच्या लक्षात आलं असेल तर त्याने बोलून दाखवलं नाही. (बोलून दाखवायला त्याच्याकडे तेव्हा चारच शब्द होते. त्यातला एक 'बिस्की'.) दिवसभर हातात असलेला पुडा गेला. त्याऐवजी खाण्याच्या पाच वेळा ठरल्या, मधे फक्त पाणी. वेळापत्रक चित्रांचं, स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेलं.

आता क जीवनसत्त्व रोज द्यायचं कसं? दुधात टाकलं तर आंबटपणाने दूध फाटतं आणि बाटलीवरचा विश्वासही जातो. डॉक्टरांनी संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी सुचवली, आणि मी आग्रह धरला की डोस पूर्ण गोळीत बसेल अशी कमी ताकदीची द्या; अर्धी मोडलेली गोळी हा घेणार नाही. गोळी आईने बिस्किटाच्या शेजारी एका झाकणावर ठेवली. "खा" म्हणायचं नाही, बघायचंही नाही. पहिल्या दिवशी त्याने ती टिचकी मारून उडवली. दुसऱ्या दिवशी जमिनीवर चाकासारखी फिरवली. तिसऱ्या दिवशी जिभेला लावली, तोंड इतकं वेडंवाकडं केलं की आईला वाटलं संपलं सगळं. मग त्याने ती पुन्हा लावली.

पाचव्या दिवशी कडकन चावली. सगळ्यांना आनंद झाला आणि मला लगेच सांगावं लागलं की डबी आता कुलपात ठेवा, नाहीतर हा दहा खाईल. लोहाचं सिरप मात्र त्याने कधीच स्वीकारलं नाही. ते पिचकारीने, त्याच्याच हातात पिचकारी देऊन, थोडं थोडं जात राहिलं. काही दिवस गेलं, काही दिवस शर्टवर गेलं.

त्या गोळीने मला एक गोष्ट शिकवली, ती मी तपासणीत पकडली नव्हती. सोन्याला आंबट चालत होतं. ते पुढे उपयोगी पडलं.

फोडणीच्या घरात

सप्टेंबरमध्ये मी त्यांच्या घरी गेले. दवाखान्यात बसून जे कळत नाही ते उंबऱ्यातच कळलं: मिरचीचा खाट. काळ्या मसाल्याची फोडणी पडली आणि मलाच ठसका लागला. कुकरच्या शिट्ट्या, भिंतीपलीकडे पाण्याची मोटर, टीव्ही आणि या सगळ्याच्या मध्ये पाटावर सोन्या, चहूबाजूंनी उघडा, मागून येणारा-जाणारा प्रत्येक जण डोक्यावर टपली मारून "खाय रे भो" म्हणणारा. आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचा भाग आहे. त्या पोराला तो पाठीमागून येणाऱ्या टपलीसारखाच लागत होता.

जागा बदलली. ओट्याच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला, फोडणीच्या अर्धा तास आधी. जेवताना सोबत एकच माणूस, आणि त्या माणसानेही जेवायचं. ताट तीन कप्प्यांचं स्टीलचं, म्हणजे एक पदार्थ दुसऱ्याला शिवणार नाही. वडिलांनी पाटाऐवजी पाय टेकतील अशी बुटकी खुर्ची सुताराकडून करून आणली. पाय लोंबकळत असले की मुलाचं अर्धं लक्ष तोल सांभाळण्यातच जातं. कोणी काय वाढायचं, कधी, कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे सोन्याने. आणि त्याच्या हाताशी एक लाल कार्ड: 'बस्स'. ते दाखवलं की पदार्थ उचलायचा, विनातक्रार. पहिल्या आठवड्यात त्याने ते शंभरदा दाखवलं असेल. खरंच उचलतात हे पटल्यावर कमी झालं.

तिढा झाला वाटीचा. नवीन पदार्थ तोंडात घालून न गिळता परत काढण्याची मुभा द्यावी लागते, नाहीतर मूल तोंडातच घालत नाही. त्यासाठी शेजारी एक वाटी. आजी भडकली. "अन्नवर का कोनी थुंकस?" तिचं चूक नव्हतं; त्या घरात भाकरीचा तुकडा खाली पडला तर कपाळाला लावून उचलतात. आम्ही तिला पर्याय विचारला. आजीनेच सांगितलं की वाटीतलं कोंबड्यांना घालायचं. त्या दिवसापासून ती 'कोंबड्यांची वाटी' झाली आणि वाटीची मालकीण आजी. थुंकलेला घास कोंबडी टिपते हे बघायला सोन्या मुद्दाम थोडं जास्त चघळून टाकू लागला, असा माझा संशय आहे.

साखळी

नवीन पदार्थ निवडताना 'याला काय हवं' यापेक्षा 'हा आत्ता जे खातो त्याच्या सगळ्यात जवळचं काय' हे विचारावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आकार, नाहीतर चव, नाहीतर रंग. आणि मान्य पदार्थ ताटात असतोच, तो कधी बक्षीस म्हणून अडकवून ठेवायचा नाही.

बिस्किटं आधी पुड्यातून स्टीलच्या डब्यात गेली, म्हणजे कंपनीने वेष्टण बदललं तर पदार्थ जाणार नाही. मग दुसऱ्या कंपनीचं तशाच आकाराचं बिस्किट. ते महिनाभर अडलं. मग टोस्ट. टोस्टानंतर मी आईला विचारलं, घरात याहून कडक आणि कोरडं काय होतं? ती हसली. या प्रश्नाला खान्देशातलं घर कमी पडणार नाही. ज्वारीचे बिबडे (पापड), कुरडया, चुलीच्या कडेला उभी करून कडक केलेली कळण्याची भाकर. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं कळणं म्हणजे एका पापुद्र्यात धान्य आणि डाळ दोन्ही. पुस्तकातल्या कुठल्याही याद्यांत हे पदार्थ नव्हते. मी स्वतः इथे इतकी वर्षं राहून वेफर्सनंतर काय, या प्रश्नाला पाकिटातलीच उत्तरं शोधत होते.

वेफर्सपासून बिबड्यापर्यंतचा रस्ता सोपा गेला. तळलेला बिबडा त्याने दुसऱ्या आठवड्यात खाल्ला, मग भाजलेलाही. भाकरीला सात आठवडे लागले. ते जवळून बघण्यासारखे होते. आई गरम भाकरीवरचा पापुद्रा सोलून तव्यावर पुन्हा कडक करायची, बिस्किटाएवढा चौकोनी तोडायची. पहिल्या आठवड्यात तो तुकडा नुसता तिसऱ्या कप्प्यात. दुसऱ्यात सोन्याने तो चमच्याने ढकलला. मग बोटाने. मग कानाशी नेऊन मोडला आणि आवाज ऐकला. आवाज पटला असावा, कारण त्यानंतर रोज दोन-तीन मोडायचा, खायचा नाही. कोंबड्यांची चंगळ. मग ओठाला, मग दातात, वाटीत. सातव्या गुरुवारी आईने वहीत लिहिलं: "भाकर, १ तुकडा, गिळला. मी काही बोलले नाही."

मी काही बोलले नाही, हे ती का लिहीत होती ते सांगायला हवं, कारण ती माझी चूक होती. त्याच्या महिनाभर आधी तो आमच्या केंद्रात भाजलेला शेंगदाणा पहिल्यांदा चावला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सवयीने, मोठ्याने, "शाब्बास" म्हणत. त्याने दोन्ही हात कानांवर घेतले, शेंगदाणा वाटीत टाकला आणि लाल कार्ड दाखवलं. पुढचे तीन आठवडे शेंगदाण्याकडे त्याने बघितलं नाही. वीस वर्षं हे काम करून मी टाळ्या वाजवल्या! मूल खातं तेव्हा आनंद आपला असतो, तो त्याच्या अंगावर ओतायचा नसतो. शेंगदाणे नंतर परतले, पण आबांनी अंगणात शेंगा फोडताना, स्वतः खाता खाता, सोन्याकडे न बघता. त्यानंतर फुटाणे आपोआप आले.

भाताच्या बाजूने काही हललं नाही. एक थेंब तूप चालतं. वरण शेजारच्या वाटीत चालतं, भातावर नाही. सहा महिन्यांत तिथेच आहे.

पेरू

आंबट चालतं, फिकं चालतं, कडक-कुरकुरीत चालतं. हे तिन्ही एकत्र लिहून मी बसले होते तेव्हा मला फळ सुचलं नाही, कारण फळ म्हटलं की त्या घरात आणि माझ्याही डोक्यात केळंच यायचं. नोव्हेंबरात बसस्टँडवर पेरूची पाटी दिसली. हिरवट, कडक, आतून पांढरा, किंचित तुरट-आंबट. शंभर ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व. या वयाच्या मुलाची रोजची गरज पाव पेरूतही भागते. केळ्यात त्याच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढं असतं.

वडिलांना फोन केला. त्यांना ते थोडं लागलं, असं मला वाटलं. "केळी टाकून पेरू आणू?" म्हणाले. पण आणले, आणि निवडून आणले: एका आकाराचे, एका झाडाचे, दाबून दबणार नाहीत असे. बिया काढायच्या, साल ठेवायची नाही, वेफर्सएवढ्या पातळ चकत्या. वर वेफर्सवरचंच मीठ.

वीस दिवस लागले. मधे तापाची साथ आली आणि आठवडाभर तो पुन्हा दूध-बिस्किटांवर गेला. आजारपणात असं होतंच, त्याला मागे जाणं म्हणत नाही. डिसेंबरच्या मध्यात त्याने पहिली चकती खाल्ली आणि जानेवारीपासून रोज सहा-सात. पिकलेला, पिवळा, मऊ पेरू दिला की लाल कार्ड. हंगाम संपेल म्हणून मार्चमध्ये कैरीच्या चकत्यांची सवय लावली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरात सगळे आमरस ओरपत असताना हा कोपऱ्यात मीठ लावून कैरी कडाकडा खात होता, असं आईने सांगितलं. पाहुण्यांपैकी एका मावशीने त्याच्या तोंडात रसाचा चमचा घातला. ओकला, आणि दोन दिवस कैरीही बंद. पुढच्या सणाला पाहुण्यांना आधीच सांगायचं ठरलं आहे.

शाळेतल्या पोषण आहाराचं आम्ही ओढून ताणून केलं नाही. खिचडीच्या ओळीत बसवण्याचा प्रयत्न पहिल्याच दिवशी फसला. गुरुजींनी त्याला वर्गाच्या दाराशी, स्वतःचा डबा घेऊन बसू दिलं, एवढं पुष्कळ झालं.

वर्षाने

या जुलैत वहीत सतरा पदार्थ आहेत. सहाचे सतरा झाले असं लिहिलं की सरळ रेष वाटते, तशी ती नाही. शेव गेली, दुकानदाराने तेल बदललं असावं, सोन्याने एका वासात ओळखलं आणि ती परत आलेली नाही. हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे. हिरड्या बऱ्या आहेत. गोळी हंगाम नसेल तेव्हा सुरू असते. पालेभाजी शून्य. मऊ, ओलं, मिसळलेलं काहीही शून्य, आणि मला वाटतं त्यातलं बरंच शून्यच राहील. माझ्याकडे चोवीस वर्षांचा एक तरुण येतो, तो आजही भाजी आणि पोळी एका घासात खात नाही. तो नोकरी करतो, डबा नेतो, दोन वेगळ्या डब्यांत.

बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दर सहा महिन्यांनी तपासायचं आहे. आबांनी लाल कार्डाची आपली एक प्रत करून घेतली आहे आणि सून तिसरी भाकर वाढायला आली की ते ती दाखवतात.

वडील गेल्या भेटीत वही घेऊन एकटेच आले. आई माहेरी गेली होती, त्या चार दिवसांच्या नोंदी त्यांच्या अक्षरात होत्या. घड कापणी चालू होती. दुपारी ते ओसरीच्या एका टोकाला जेवायला बसले, दुसऱ्या टोकाला सोन्या पेरूचं ताट घेऊन. वडिलांनी भाकरीबरोबर एक केळं सोललं, त्याच्याकडे न बघता खाल्लं, साल लगेच बाहेर टाकली. वहीत लिहिलं होतं:

"मंगळवार, दुपारी १. केळं. १२ फुटांवर. मी खाल्लं. तो उठला नाही. ४ मिनिटं."

खाली बुधवारची नोंद होती: "११ फूट. उठला."

गुरुवारी पुन्हा १२.